हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरला आबांना सिद्ध करावं लागतं
की ते आहेत.

लहवितहून देवळाली कॅम्प, माझ्या स्कूटरवर मागे.
मांडीवर पिशवी: पेन्शनचं पुस्तक, आधार, दोन फोटो,
आणि पावसाचं नावनिशाण नसताना छत्री.
उजवा कान एकाहत्तरपासून बंद आहे,
डावा त्यांच्या सोयीप्रमाणे.

अंगठा ठेवा.
लाल दिवा.
पुसा. पायजम्याला पुसला.
लाल दिवा.
ओला करा, दुसरा द्या, बरं, मधलं बोट द्या.
दहाच्या दहा बोटांनी सावळीराम कोंडाजी पाळदे
यांना ओळखायला नकार दिला.

काउंटरवरची मुलगी नवीन, लातूरकडची.
म्हणाली, "बाबा, रेषाच नाहीत हो तुमच्या हाताला."

कुठे गेल्या ते मला ठाऊक आहे.
निम्म्या छांबला, पंचवीस पौंडी तोफेच्या मागे,
तापून बाहेर पडणाऱ्या पितळी नळकांड्यांवर,
जी त्या रात्री कुणी मोजली नाहीत.
उरलेल्या इथे, एकेक छाटणीला,
कात्रीच्या मुठीवर आणि मोरचुदात.

तेवढ्यात रेंजवर सराव सुरू झाला.
आम्ही इथली माणसं मान वर करत नाही,
फक्त कपातला चहा थरथरतो.
मुलीच्या हातून शिक्का पडला.
आबांनी चपला काढल्या.
फरशीवर अनवाणी उभे राहिले,
कारण अलीकडे त्यांचे तळपाय ऐकतात.

एक. दोन. तीन.

बोट हवेत तसंच.

चार.

"चौथी उशिरा बोलली," ते म्हणाले,
आणि चपला घातल्या.

चौथ्या तोफेवर पुंजाराम होता, येवल्याचा,
विणकराचा मुलगा.
तोफेची ताडपत्री पैठणीसारखी घडी घालायचा,
काठाला काठ. हवालदार शिव्या द्यायचा,
आणि मग आपलीही त्याच्याकडूनच घालून घ्यायचा.
हे सगळं मला एकदम कळलेलं नाही,
नऊ नोव्हेंबर लागले,
दर वेळी येता-जाता थोडंथोडं, वाऱ्यात अर्धं उडालेलं.
त्या पहाटे हुकूम आला. एक बोलली, दोन, तीन.
यापुढे आबा कधी गेले नाहीत.
एकदाच, थेट येवल्याला गेले.
पेटी पोचवायला सुट्टीवर यांना धाडलं होतं.
आई मागावर बसलेली. पेटी बघितली तिने,
हातातला धोटा थांबवला नाही,
मोराची मान पुरी केली
आणि मग उठली.

आता पंचायतीत सव्वीस जानेवारीला सत्कार असतो.
शाली जमल्यात सात. एकीत पंपाची मोटर गुंडाळली आहे.
मागच्या वेळी सूत्रसंचालकाने पासष्टचं युद्ध सांगितलं.
आबांनी नारळ घेतला, हात जोडले,
घरी येऊन म्हणाले, नारळ पाण्याचा निघाला, चांगला.

डोळा लावून बघू, मुलगी म्हणाली.
मोतीबिंदू. यंत्राला तोही पटला नाही.
शेवटी आतून कागदी फॉर्म आला, कोपरे पिवळे पडलेला.
*वरील व्यक्ती आज रोजी जिवंत असल्याचे
मी समक्ष पाहिले आहे.*
खाली सही. नातं: नात, पुतण्याची मुलगी.
मी सही केली. इतकी जबाबदारीची सही
घराच्या कर्जावरही केली नव्हती.
मुलीने फॉर्म घेतला, आणि काय वाटलं कोण जाणे,
शिक्का मारताना उभी राहिली.
आबा छत्री शोधत होते, त्यांना दिसलं नाही.

बाहेर ऊन. लिंबाखाली गाडी.
किल्ली लावली आणि रेंज पुन्हा सुरू.
एक.
मागे आबांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.
दोन. तीन.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
ताई, गाडी काढा की.

चौथी बोलेपर्यंत मी काढली नाही.